‘रोग एकच, नावं हजार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या पेठांच्या, तालमींच्या, भिशीच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोग एकच असतो, तो म्हणजे पोटात आणि रक्तात साठलेलं आम्ल. शुगर, बीपी, कॅन्सर, कावीळ ही नावं औषध कंपन्यांनी धंद्यासाठी पाडली. त्रास होत नसेल तर रोग नाही. आयुर्वेदही हेच सांगतो. तेव्हा लिंबूपाणी-सोडा सुरू करा आणि गोळ्या-इंजेक्शनं तीन महिने बंद ठेवा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून हे लिहितेय.

‘रोग एकच.’ कावीळच घेऊ, कारण आपल्याकडं अजूनही कावीळ म्हटलं की लोक आधी माळ घालायला नाहीतर गावठी औषधाला जातात. रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रातून बाहेर काढली की लाल पेशी खाली बसलेल्या असतात आणि वरचा सीरम, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, हळदीच्या पाण्यासारखा दिसतो. तीन पेशंटच्या तीन नळ्या शेजारी ठेवल्या तर रंगावरून फरक कळणार नाही. पण एकाच्या रक्तातल्या लाल पेशीच भराभर फुटत असतात. त्याचं इनडायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया न झालेलं पिवळं द्रव्य) वाढलेलं असतं. दुसऱ्याच्या यकृताला विषाणूनं सूज आलेली असते, एसजीपीटी हे यकृतातलं एन्झाइम रक्तात हजारांत जातं. तिसऱ्याच्या पित्तनळीत खडा अडकलेला असतो. डायरेक्ट बिलिरुबिन (यकृतात प्रक्रिया झालेलं) आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढतं, शौचाला पांढरट होते, अंगाला खाज सुटते. या तिसऱ्याला कितीही पथ्य पाळायला लावा, खडा काढल्याशिवाय वाट मोकळी होत नाही.

विषाणूची कावीळही एक नव्हे. इचलकरंजीत 2012 साली साथ आली ती हेपॅटायटिस ई ची. तो सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो बाईच्या जिवावर उठतो. हेपॅटायटिस बी रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. तो वर्षानुवर्षं यकृतात मुक्काम करून सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत कायमचं निबर होण्यापर्यंत, नेऊ शकतो. एकाला पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायची, दुसऱ्याला बाळ जन्मल्यावर 24 तासांच्या आत लस द्यायची. नावं वेगळी ठेवली नसती तर हे उपाय सुचले असते का?

‘नावं कंपन्यांनी पाडली.’ मुळीच नाही. रोगांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी 1893 साली झाक बर्तियाँ यांनी मांडली. ते पॅरिसमध्ये सांख्यिकीचं काम बघत. माणसं कशानं मरतात याची नोंद सगळ्या देशांत सारखी व्हावी, एवढाच तिचा हेतू होता. 1948 पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते, आणि अकरावी आवृत्ती 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे.

‘रक्त आम्लधर्मी होतं.’ निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 7.35 ते 7.45 च्या मध्ये असतो. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तो तिथंच धरून ठेवतात. लिंबूपाण्यानं लघवीचा पीएच बदलेल, रक्ताचा नाही. मेसेजमध्ये दाखला म्हणून जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांचं नावही दिलंय. त्यांना 1931 चं नोबेल मिळालं ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी, सोड्यानं कॅन्सर बरा केला म्हणून नव्हे.

‘त्रास नाही म्हणजे रोग नाही.’ मला सगळ्यात घातक वाटतं ते हे वाक्य. टाइप 2 मधुमेहात आधी शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं. स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडून ते झाकून नेतं, त्यामुळं कित्येक वर्षं रिपोर्ट चांगला येतो. मग ते थकतं आणि साखर चढायला लागते. तेव्हाही माणूस रंकाळ्यावर रोज फिरत असतो, जेवण व्यवस्थित असतं, आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8 निघतं, म्हणजे मधुमेहाच्या साडेसहाच्या रेषेच्या बरंच वर. डोळ्याच्या पडद्यावर परिणाम तोवर सुरूही झालेला असू शकतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गापासून तयार व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं घेतो. तपासणी करून तो रोखायला तेवढाच अवधी हाताशी असतो.

‘आयुर्वेदही हेच सांगतो.’ ‘रोगाः सर्वेऽपि मन्देऽग्नौ’ (जठराग्नी मंद झाला की सगळे रोग होतात) एवढाच तुकडा मेसेजमध्ये दिलाय. ते वचन अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात उदररोगांच्या, म्हणजे पोटाच्या रोगांच्या, अध्यायाच्या सुरुवातीला येतं आणि पुढं लगेच ‘विशेषतः उदररोग’ असं म्हणतं. सुश्रुतसंहितेत तर रोगांचे सात प्रकार केलेत: बीजातून आलेले वेगळे, मार लागून झालेले वेगळे, ऋतुमानानं होणारे वेगळे. रोग वाढण्याचे टप्पेही सहा दिलेत: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद. रोग पुरता उघड होतो तो पाचव्या टप्प्यावर. म्हणजे त्रास दिसण्याआधीचा रोग सुश्रुतालाही मान्य होता.

आता गोळ्या-इंजेक्शनं बंद करण्याबद्दल. टाइप 1 मधुमेहाच्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. इंजेक्शन थांबलं की पेशींना साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन नावाची आम्लं साठतात आणि मग रक्त खरोखरच आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, गुंगी. असं मूल दिसलं तर लिंबूपाण्यात वेळ घालवू नका, ताबडतोब सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं त्याला सलाइन लावतील आणि इन्शुलिनच देतील.