पुण्याच्या सरांनी दिलेल्या 1 स्टारला उत्तर

नमस्कार सर, स्टार किती द्यायचे ते तुमच्या हातात, पण "जॉर्जियन म्हणून खोट्या हॉलमार्कचे सहा चमचे गळ्यात मारले" असं लिहिलंत ते काही सोडून देता येत नाही (जॉर्जियन म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातले). तुम्ही मराठीत लिहिलंय म्हणून मीही लंडनहून मराठीतच उत्तर देतोय.

सराफाकडे मशीनवर 92 टंच आला म्हणजे भेसळ, असं तुमचं म्हणणं. अहो स्टर्लिंग म्हणजेच हजारात 925 चांदी, तुमच्या बिलावरही स्टर्लिंगच लिहिलंय. आणि 925 आकडा कुठे नाही म्हणता, तर तुमचे चमचे 1794 चे, तेव्हा आकडा मारायचेच नाहीत, त्याचं काम तो चालणाऱ्या सिंहाचा शिक्का करतो. बिबट्याचं डोकं म्हणजे लंडनचा शिक्का, नेटवरच्या फोटोत त्यावर मुकुट नाही आणि तुमच्याकडे आहे, बरोबर, लंडनने तो 1821 मध्ये काढला, तुमचे चमचे त्याआधीचे. "जास्तीचं डोकं" म्हणजे तिसरा जॉर्ज राजा, चांदीवरचा टॅक्स भरल्याची खूण, 1784 ला सुरू झाली आणि 1890 ला बंद. कोणत्या वर्षी शिक्का मारला ते सांगणारं अक्षर स्मॉल टी आहे, म्हणजे 1794, कॅपिटल असतं तर 1814 निघालं असतं.

आता मेकरचा शिक्का एका चमच्यावर तिरका, दुसऱ्यावर जरा वर, म्हणून नकली? सर, उलट आहे! तो हाताने एकेक ठोकलेला असतो. नकली करणारे एका खऱ्या चमच्याचा साचा काढून बाकीचे ओततात, मग सगळ्यांवर शिक्के अगदी त्याच जागी, ओरखडासुद्धा तोच, आणि भिंगाखाली कडा बोथट आणि बारीक छिद्रं. तशी सहा सारखी दिसली असती तर मीच घेतली नसती.

या धंद्यात लबाडी नाही असं मी म्हणतच नाही, छोट्या वस्तूवरचे खरे शिक्के कापून मोठ्या कॉफीपॉटच्या बुडाला डाख देऊन बसवलेले मी पाहिलेत, त्यावर तोंडाची वाफ मारली की जोडाची रेघ उमटते. पण इथे 1973 च्या हॉलमार्किंग कायद्याने असला माल विकणं गुन्हा आहे, एवढ्यासाठी कोण दुकान घालवेल?

तरी शंका असेल तर चमचे पाठवा, गोल्डस्मिथ्स कंपनी म्हणजे लंडनमधली सोनारांची जुनी संस्था, तिची अँटिक प्लेट कमिटी असल्याच वस्तू तपासते, त्यांच्यापुढे ठेवू. नकली म्हणाले तर पूर्ण पैसे आणि कुरियर दोन्ही माझ्याकडून, खरे म्हणाले तर रिव्ह्यू बदला. तोवर पॉलिश पावडरने घासू नका प्लीज, मेकरची अक्षरं आधीच पुसट आहेत.