‘किती पिढ्या मागत राहणार?’ – कोयनेच्या धरणग्रस्तांवरच्या एका मेसेजला उत्तर

कोयना धरणात गावं गेलेल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी ठिय्या मांडला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मतलब तोच: ‘साठ वर्षांपूर्वी पैसे घेतले, जमिनी घेतल्या, विकून खाल्ल्या, नोकऱ्या लाटल्या. आता नातवंडं पुन्हा हात पसरतायत. त्याग सगळेच करतात. किती पिढ्या मागत राहणार?’ मी धरणग्रस्त नाही. सांगलीकडचा, म्हणजे कोयनेच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्यांतला. तरीही उत्तर देतोय, कारण हा मजकूर आमच्याच भागात सगळ्यात जास्त फिरतो.

‘पैसे घेतले.’ घेतले, खरंय. पण कशाचे? तेव्हा लागू होता १८९४चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा. सातबाऱ्यावर नाव असेल त्याला, कागदावर असेल त्या जमिनीचा रोख मोबदला, एवढंच त्याला ठाऊक. नदीकाठचं भातखाचर मोजलं गेलं. पण गुरं जिथं चरायची तो डोंगर, सरपणाचं रान, वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणी-वरी काढून वर्षाचं पोट भरायची सोय, यातलं बरंचसं कुणाच्या नावावरच नव्हतं. ज्याची स्वतःची जमीन नाही, दुसऱ्याच्या शेतावर राबून जगायचा, त्याला तर काहीच नाही. रोकड हातात आली आणि जगण्याचं साधन गेलं, याला ‘मोबदला मिळाला’ म्हणायचं असेल तर म्हणा.

‘जमिनी घेतल्या.’ इथं तारखा बघाव्या लागतात. धरण १९६४ला पुरं झालं. धरणग्रस्ताला पर्यायी जमीन देण्याचा महाराष्ट्राचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. पाणी चढलं तेव्हा हक्क सांगायला कायदाच नव्हता. जे मिळालं ते सरकारच्या मर्जीनं. कुणाला रायगड-ठाण्याकडे धाडलं, कुणाला सोलापूर-सांगलीकडे. मुसळधार पावसाच्या डोंगरात भात लावणाऱ्या माणसाला सोलापूरचं कोरडवाहू रान दाखवायचं आणि ‘पुनर्वसन झालं’ असा शेरा मारायचा, हे कागदावर फार सोपं दिसतं. पुढे १९८६ आणि १९९९ला सुधारित कायदे आले, पण पर्यायी जमीन हवी तर मोबदल्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम आधी सरकारजमा करा, ही अट त्यांतही आहेच. ज्यानं मिळालेल्या पैशात घर उभारलं, त्यानं ती रक्कम कुठून आणायची?

आणि जे गेलेच नाहीत त्यांचं काय? मेसेजमध्ये या माणसांचा पत्ताच नाही, आणि माझ्या मते खरी गोष्ट यांचीच आहे. पाणी वाढलं तशी जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली कित्येक कुटुंबं गाव सोडून न जाता डोंगरावर वर सरकली. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरला आणि जुने रस्ते पाण्याखाली गेले. पैलतीरावरच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला दवाखाना, बाजार, शाळा, कशालाही लाँचनं तळं ओलांडणं आलं. पावसाळ्यात लाँच बंद पडली की बाळंतीण आणि तिची माणसं देवाच्या भरवशावर. १९६७च्या ११ डिसेंबरला भूकंप झाला, त्यात याच पट्ट्यातली घरं कोसळली. एवढं सोसून वरच्या अंगाला जम बसवला, तर १९८५ला तिथंच कोयना अभयारण्य झालं आणि २०१०मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. म्हणजे पाण्यानं वर ढकललं, आणि वर गेल्यावर जंगल खात्यानं ‘इथूनही हला’ म्हटलं. एकाच घराण्याला दोनदा उठवायचं आणि नातवानं दुसऱ्या वेळचा हिशेब मागितला की ‘पुन्हा हात पसरतो’ म्हणायचं! (वाघाबद्दल माझं काही म्हणणं नाही. वाघानं कुणाचं गाठोडं बांधलेलं नाही.)

‘विकून खाल्ल्या.’ काहींनी विकल्या, हे मी नाकारत नाही. याद्यांत बोगस नावं घुसली, दलालांनी धरणग्रस्तांचे दाखले गोळा करून जमिनी लाटल्या, हेही या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुनर्वसनाची जमीन सहसा भोगवटादार वर्ग २ची असते. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. मग गैरव्यवहार झाला तो कुणाच्या सहीनं? आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवर मिळालेल्या जमिनीचा ताबाच मूळ मालक देत नसेल, मोजणी होत नसेल, पाणी नसेल, तर धरणग्रस्तानं पडत्या भावात ती सोडून दिली यात आश्चर्य ते काय?

नोकऱ्यांचं थोडक्यात. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. हे पाच टक्के एकट्या कोयनेचे नाहीत. राज्यातल्या सगळ्या प्रकल्पांचे विस्थापित त्याच रांगेत उभे आहेत. प्रकल्पग्रस्त असल्याचा दाखला घरटी एकच. चार भावांत तो कुणी वापरायचा यावरून भांडणं होतात, ती ‘लाटण्यात’ धरायची का?

राहता राहिला त्याग. कोयनेचे सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट वीज होते. घाटाखाली कोकणातल्या पोफळीच्या बाजूला पाणी उतरवून केलेल्या त्या विजेवर राज्यातले कारखाने आणि शहरं वाढली. त्याच खोऱ्यातली माणसं त्या शहरांत माथाडी म्हणून ओझी वाहायला गेली. त्याग सगळेच करतात म्हणणाऱ्यानं स्वतःचं गावठाण, देऊळ, मसणवट पाण्याखाली दिलंय का, एवढंच मला विचारायचंय.

आमच्याकडे मार्च-एप्रिलात ऊस वाळायला लागला की टेंभू-ताकारी या उपसा सिंचन योजनांसाठी कोयनेतून पाणी सोडा म्हणून दरसाल निवेदनं जातात, मोर्चे निघतात. मीही गेलोय. आम्ही किती पिढ्या मागणार, असं आम्हाला अजून कुणी विचारलेलं नाही.