दोन बोटांची गाडी

गाडी रेसच्या ट्रॅकवर न्यायची ठरवलीत, उत्तम केलंत. आता सगळ्यात आधी ती खाली करा, म्हणजे तिची उंची कमी करा. टायरचं पुढच्या महिन्यात बघू, ब्रेकचं तेल पुढच्या वर्षी बदलू, चालवायला तर काय, तुम्ही शिकूनच आलाय. पण टायर आणि मडगार्डच्या मधून चार बोटं आत जात असतील, तर तिला ट्रॅकची गाडी म्हणायला कोल्हापुरात तरी कुणी धजायचं नाही.

मोजमाप बोटांनीच करायचं. टेप अजिबात लावू नका. टेप लावली की चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे आकडे निघतात, चार कोपऱ्यांचे चार वेगळे निघतात, आणि मग असं का, या विचारात एक चांगला रविवार वाया जातो. बोटांना असल्या शंका येत नाहीत. "पुढं दोन, मागं दीड," एवढं सांगितलं की उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीला कळतं. मिस्त्रीची दोन बोटं आणि आयटीतल्या भाच्याची दोन बोटं यांत अर्ध्या इंचाचा फरक पडतो खरा. पण त्या फरकाला टॉलरन्स म्हणायची पद्धत आहे.

पैसे असले तर कॉइलओव्हर, म्हणजे चुडी फिरवून उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकअपची जोडी; नसले तर गॅस कटर. स्प्रिंगचा दीड वेढा उडवला की गाडी तिथल्या तिथं बसते, बिल चहापाण्याएवढं. जिथं ज्योत लागली तिथं पोलादाचं पाणी उतरतं, वेढे कमी झाले म्हणून उरलेली स्प्रिंग उलट कडक होते, आणि चाक लोंबकळलं की ती आपल्या वाटीतून निसटते. पण चाक लोंबकळायला गाडी उचलली जावी लागते, आणि आपण तर ती खाली करतोय. म्हणजे प्रश्न मिटला.

खाली केलेली गाडी वळणावर कमी कलते, हे तुम्हाला सगळेच सांगतील. त्यांच्यावर विश्वास ठेवा. चाकणला बनलेली पोलो घ्या, आपल्याकडे निम्मी मंडळी तिच्यावरच हात साफ करतात. तिला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वर स्प्रिंग-शॉकअपचा एकच खांब आणि खाली चाकाला बॉडीशी जोडणारा लोअर आर्म. कंपनीनं हा आर्म जमिनीला समांतरच्या आसपास ठेवलेला असतो. गाडी दोन इंच खाली आली की आर्मचं चाकाकडचं टोक वर राहतं आणि बॉडीकडचं खाली जातं. वजनाचं केंद्र दोन इंच खाली आलं, हे बरोबर. पण गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर त्याहून जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर म्हणजे पहारीचा दांडा. दांडा लांबला, की तीच गाडी कलायला आणखी उत्सुक. यावर उपाय म्हणून आणखी कडक स्प्रिंग घाला. शॉकअपला खालीवर व्हायला जागाच उरली नाही तर वळणाच्या मध्यावर गाडी बंपस्टॉपच्या रबरावर टेकेल, स्प्रिंगचा एकदम दगड होईल आणि पुढचा टायर सरळ निघून जाईल. अशा वेळी टायरवाल्याला शिव्या द्यायच्या. परंपरा आहे.

उंचीच्या बाबतीत फॉर्म्युला वनवाले फारच कंजूष. १९९४ पासून त्यांच्या गाड्यांच्या पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी असते. ती १ मिलिमीटरपेक्षा जास्त घासली तर गाडी फार खाली चालवली असं धरतात. त्याच वर्षी बेल्जियममध्ये शूमाकर पहिला आला आणि फळीपायी बाद झाला. २०२३ साली ऑस्टिनला हॅमिल्टन दुसरा आणि लक्लेर सहावा, दोघंही असेच गेले. आपल्याकडे हे काम स्पीडब्रेकर करतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कागदावर गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद. आपल्या गल्लीतला उरलेल्या काँक्रीटमधून रात्रीत झालेला आहे, आणि त्याच्या कागदाची कुणी चौकशी करत नाही. तो आडवा घ्यायचा, म्हणजे एकेक चाक चढवत. तेव्हा एक चाक अधांतरी होतं आणि गाडी टपरीवरच्या बाकड्यासारखी डुगडुगते. ते डुगडुगणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण आता येतात काटे. चार चाकांखाली चार काटे ठेवून कुठल्या कोपऱ्यावर किती वजन पडतं ते बघायचं, यालाच कॉर्नर वेट म्हणतात. ज्या जिल्ह्यात उसाच्या काट्यावरून आंदोलनं होतात, तिथल्या माणसासमोर चार काटे मांडले तर तो पहिला संशय काट्यावरच घेणार. घ्या. आकडा आवडला नाही तर काटा खोटा, हे धोरण शेवटपर्यंत सोडू नका.

काटे सपाट जमिनीवर ठेवावेत असं म्हणतात. गवंडी लोक पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन चार कोपऱ्यांची पातळी पाच मिनिटांत मिळवतात आणि कमी पडेल तिथं काट्याखाली फरशीचा तुकडा सारतात. तुम्ही गवंडी नाही. मिस्त्रीच्या गॅरेजात डाव्या पुढच्या चाकापाशी फरशी गटाराकडे खचलीय, सेंटिमीटरभर असेल, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तरी हिशेब सांगून ठेवतो. चारही चाकांपाशी सहा किलोची स्प्रिंग धरा, म्हणजे मिलिमीटरभर दाबायला सहा किलो लागणारी. एकच कोपरा १० मिलिमीटर खचला तर त्या चाकावरचे १५ किलो कमी होतात, कर्णावरच्या समोरच्या चाकावरचेही १५ कमी होतात, आणि उरलेल्या दोघांवर १५-१५ चढतात. बाकड्याचा पाय आखूड असला की हेच होतं. पोलोची मागची दोन्ही चाकं जोडणारा बीम स्वतःच पिळाला विरोध करतो, तो यात धरलेला नाही. धरला तर आकडा आणखी वाढेल. आणि पुढच्या स्टॅबिलायझरचे, म्हणजे डावं-उजवं चाक एकमेकांशी बांधणाऱ्या दांड्याचे, लिंक रॉड न सोडता वजन केलंत, तर तोही आपला पीळ त्यात मिसळेल. मिसळू दे. चव येते.

आता ड्रायव्हर. गाडी रिकामी तोलायची नसते, सीटवर तुमच्याएवढं वजन हवं, टाकी निम्मी, टायरमध्ये ट्रॅकवरची हवा. तुमचं वजन ९२ किलो. स्वतः बसलात तर पाना कोण फिरवणार? म्हणून लोक मित्राला बसवतात, आणि रविवारी सकाळी रिकामा असलेला मित्र नेमका ५५ किलोचा निघतो. त्यापेक्षा मार्केट यार्डातून गुळाचे ३० किलोचे तीन रवे आणून सीटवर ठेवा. रवा मोबाईल बघत नाही आणि मध्येच मिसळ खायला उठत नाही. मुंग्यांचं वजन धरायचं नसतं.

समजा आकडे असे आले: पुढे डावीकडे ३३५, उजवीकडे ३८५, मागे डावीकडे २२५, उजवीकडे २१५. एकूण ११६०. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ६१०, म्हणजे जवळपास ५२.६ टक्के. दोन्ही कर्णांवर ५०-५० असावं अशी अपेक्षा असते, नाहीतर डाव्या वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं आणि उजव्या वळणावर शेपूट. तुम्ही निघालात तो कोइमतूरचा करी ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, तिथं श्वास घेईपर्यंत पुढचं वळण येतं. त्यामुळे तुमची गाडी एका वळणावर हट्टी आणि पुढच्यावर नाचरी वाटेल. याला गाडीचा स्वभाव म्हणायचं. गाडीला स्वभाव असला की तिला नाव ठेवता येतं, मागच्या काचेवर रेडियमनं लिहिता येतं.

पण सुधारायचंच असेल तर आपली मर्दानी पद्धत अशी: हुक पाना घ्या, उजव्या पुढच्या कोपऱ्याची चुडी सैल करा, आकडा बरा दिसेपर्यंत सैल करत राहा. तो कोपरा पाऊण सेंटिमीटरभर खाली येईल आणि गाडी एका डोळ्यानं जमिनीकडे बघत उभी राहील. काही भित्री माणसं चारही कोपरे थोडे थोडे हलवतात. डावं पुढचं आणि उजवं मागचं अडीच-अडीच मिलिमीटर वर, बाकीचे दोन तेवढेच खाली. मग आकडे ३५०, ३७०, २१०, २३० असे येतात, कर्ण ५८०-५८० होतात आणि उंची जिथल्या तिथं राहते. दर वेळी गाडी पुढेमागे ढकलून चाकं मोकळी करतात, मगच आकडा वाचतात. अशा माणसांची गाडी गॅरेजाबाहेर उभी असली तर काही केलंय असं दिसतसुद्धा नाही. मग केलं कशाला?

आणि हो, खचलेली फरशी विसरला नाहीत ना? तिच्यामुळे वजनाला नेमका पंधरा-पंधरा किलोचाच फरक पडत होता. म्हणजे गाडीत दोष नव्हताच. आपण दिवसभर खपून तिला मिस्त्रीच्या गटाराशी जुळवून घेतलं. त्या एका जागी ती आता जगात सगळ्यात समतोल गाडी आहे. ट्रॅक-डे तिथंच भरवता आला तर बघा.

पुढची बाजू ७२० आणि मागची ४४० हे मात्र पाना मोडेपर्यंत फिरवलात तरी बदलणार नाही. डावं ५६० आणि उजवं ६०० हेही नाही. वरची बेरीज पुन्हा करून बघा, आधीही तेवढीच होती. चुडी फिरवून वजन फक्त एका कर्णावरून दुसऱ्या कर्णावर जातं. ते पुढचं मागे किंवा डावीकडचं उजवीकडे न्यायचं तर वस्तूच उचलून हलवावी लागते. डिकीतल्या वूफरला हात लावू नका. स्टेपनी आणि जॅक काढणंही अपशकुनी. तुम्ही रविवारभर अडीच मिलिमीटरनं पंधरा किलो हलवलेत, आणि सीटखाली मावशीच्या काकवीचे दोन डबे निघाले, ही गोष्ट मी ऐकीव म्हणून सांगतोय असं समजा.

अलाइनमेंट शेवटी करावी लागते, कारण उंची बदलली की टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळणं आणि कलणं, दोन्ही हलतात. तुम्ही ती मागच्या महिन्यातच करून घेतलीत, पावती डॅशबोर्डात आहे. पुरे. कोइमतूर इथून हजारेक किलोमीटर. तिथं पोहोचेपर्यंत टायरची आतली कड गुळगुळीत होईल, आणि गुळगुळीत टायरलाच तर रेसमध्ये स्लिक म्हणतात.

परत आल्यावर हीच गाडी घरची. रविवारी जोतिबाला निघालात, मागे डावीकडे आई, उजवीकडे मावशी. पहिल्या स्पीडब्रेकरला गाडीचं बूड घासलं, तर घाबरून एकटीला उतरवू नका. मागचा एकच कोपरा हलका झाला की तुमचा कर्ण बिघडलाच. दोघींना एकदम उतरवा. पिशव्याही घेऊन जायला सांगा. त्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या की गाडी आडवी घाला, एकेक चाक चढवा, आणि काच बंद ठेवा, म्हणजे "त्यापेक्षा एस्टीनं आलो असतो" हे आत ऐकू येत नाही.