ढकललेला निर्णय कुणाच्या दारात येतो

आम्ही ज्यांच्याकडून दूध घेतो, त्या शेतकऱ्याच्या फाटकावर नेदरलँड्सचा झेंडा उलटा टांगलेला आहे. निळा पट्टा वर, लाल खाली. २०२२ च्या उन्हाळ्यात असे झेंडे देशभर रस्त्यांच्या कडेला लागले. सरकारनं नायट्रोजन कमी करण्याचा नकाशा काढला होता आणि त्यात काही भागांवर ९५ टक्के कपात लिहिली होती. ९५ टक्के कपात म्हणजे तिथे गोठा ठेवायचाच नाही, असा अर्थ शेतकऱ्यांनी लावला, आणि तो चुकीचा नव्हता.

मी नेदरलँड्समधल्या एड गावात राहते. घरामागे वेलुवेचं जंगल आणि माळरान सुरू होतं. युरोपीय कायद्याखाली, ‘नातुरा २०००’ या जाळ्यात संरक्षित असलेली या देशातली १६० हून अधिक क्षेत्रं आहेत, त्यांतलं हे एक मोठं. ऑगस्टमध्ये गिंकेलचा माळ हीदरच्या फुलांनी जांभळा होतो. कासच्या कातळावर जशी चिमूटभर मातीत फुलं येतात, तशीच हीदरही गरीब जमिनीत वाढते. तिथे खत पडलं की गवत माजतं आणि तिला गिळून टाकतं. हे खत हवेतून पडतं. गोठ्यातल्या शेण-मुतातून अमोनिया उठतो, गाड्यांच्या धुरातून नायट्रोजन ऑक्साइड येतात, आणि सगळं माळावर उतरतं. जमीन आंबट होते, तिच्यातलं कॅल्शियम धुऊन जातं, गोगलगायी कमी होतात. रामगंगेच्या कुळातले इथले छोटे पक्षी कॅल्शियम मिळवतात ते गोगलगायींच्या शंखांतून. इथल्याच जंगलातल्या अभ्यासात त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ निघाली, आणि पुढे पाय मोडलेली पिल्लं घरट्यांत सापडली.

हे कळायला १९९० चं दशक पुरेसं होतं. म्हणून मला राग येतो तो त्यानंतरच्या काळाचा.

२०१५ च्या एप्रिलमध्ये युरोपनं दुधाचा कोटा, म्हणजे दूध उत्पादनावरची मर्यादा, उठवली. गायी वाढवा, गोठे वाढवा, असं बँकांपासून सगळे सांगत होते. त्याच वर्षी जुलैत सरकारनं नायट्रोजनचा एक कार्यक्रम आणला. पुढे कधीतरी प्रदूषण घटणार आहे असं गृहीत धरून परवाने आजच द्यायचे, अशी त्याची रचना. भर थोडीच पडणार असेल तर परवानाही नको, नुसती नोंद पुरे. आमच्या दूधवाल्यानं तीस गायी वाढवल्या, नोंद केली, कर्ज काढलं. २९ मे २०१९ ला देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं तो कार्यक्रम रद्द केला. जी घट झालेलीच नाही तिच्या भरवशावर परवाने देता येणार नाहीत, हे न्यायालयाचं म्हणणं. मला ते पूर्णपणे पटतं. पण त्या निकालानं आमचा दूधवाला रातोरात बेकायदा ठरला. सरकारनं सांगितलं तेवढं सगळं करूनही. त्याच्यासारखे सुमारे अडीच हजार आहेत.

त्याबरोबर रस्त्यांची, घरांची हजारो कामं अडकली. ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगवर, सरकार जिथे बसतं तिथे, गेले. मार्च २०२० पासून दिवसा महामार्गावरचा वेग ताशी १०० किलोमीटरवर आला. मार्च २०२३ मध्ये प्रांतांच्या निवडणुकीत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला. जानेवारी २०२५ मध्ये हेगच्या न्यायालयानं पुन्हा बजावलं: सर्वांत नाजूक निसर्गाच्या निम्म्या क्षेत्रावर २०३० पर्यंत नायट्रोजन मर्यादेत आणा. कायदा जागचा हलला नाही. मधली वर्षं तेवढी गेली, आणि आता कपात दहा वर्षांपूर्वी करावी लागली असती त्याहून खोल करावी लागणार आहे.

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर ट्रॅक्टरांचे व्हिडिओ फिरले तेव्हा कुणीतरी लिहिलं, ‘बघा, युरोपातसुद्धा पर्यावरणवाल्यांनी शेतकरी मारला.’ माझं गाव भुदरगड तालुक्यात आहे. राधानगरीच्या बाजूनं गवे उतरतात आणि उसाचा फड एका रात्रीत झोपवतात. तिथल्या माणसाला जंगलाचा राग का येतो हे मला शिकवावं लागत नाही. पण त्या वाक्यानं मला झोप लागली नाही, कारण मी समोर बघतेय ते नेमकं उलटं आहे. शेतकऱ्याला मारलं ते ‘आत्ता नको, नंतर बघू’नं.

पश्चिम घाटाचं काय चाललंय? घाट कसा जपायचा यावर माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ मध्ये अहवाल दिला. तो जड वाटला म्हणून कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यावर मार्च २०१४ मध्ये केंद्र सरकारचा पहिला मसुदा निघाला: घाटातला कुठला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवायचा आणि तिथे काय बंद करायचं. पाच मसुदे अंतिम न होताच मुदत संपून गेले. सहावा ३१ जुलै २०२४ ला आला, वायनाडवर दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. या दहा वर्षांत राज्यातल्या कुठल्याही पक्षानं गावोगाव जाऊन हे समजावल्याचं मला आठवत नाही. ‘जाचक अटी लादू देणार नाही’ एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं.

दोन्हीकडची तुलना एका मर्यादेपर्यंतच चालते. इथला शेतकरी शंभर गायींचा आणि निर्यातीचा; आमच्याकडे दोन म्हशी आणि दीड एकर. इथे गोठा कायमचा बंद करणाऱ्याला सरकार मोठी भरपाई देऊ शकतं. आमच्याकडे धरणग्रस्तांच्या तिसऱ्या पिढीलाही जमिनीसाठी हेलपाटे घालावे लागतात, त्यामुळे सरकारी नकाशावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि त्यासाठी मी गावकऱ्यांना दोष देणार नाही. गाडगीळांनी म्हणूनच निर्णय ग्रामसभेपासून सुरू करा म्हटलं होतं. सावंतवाडी-दोडामार्गातल्या २५ गावांनी खाणी नकोत म्हणून स्वतःहून संवेदनशील क्षेत्र मागितलं. डच सरकारनंही २०२२ चा नकाशा काढण्याआधी शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायली असती, तर फाटकावरचा झेंडा कदाचित सरळ असता.

मागच्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला. ‘ताई, ते झालं तर घराची कौलं बदलायला दिल्लीची परवानगी लागणार म्हणे.’ मी मसुदा उघडला आणि फोनवरच एकेक कलम मराठीत सांगत गेले. खाणी, दगडखाणी, वाळूउपसा बंद. चालू खाणी पाच वर्षांत थांबवायच्या. नवे औष्णिक वीजप्रकल्प नाहीत. वीस हजार चौरस मीटर आणि त्यावरची नवी बांधकामं नाहीत. राहत्या घरांची दुरुस्ती, वाढ करता येईल. शेतीवर बंदी नाही. जमिनीच्या मालकीत बदल नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हे आम्हाला कुणी वाचून का दाखवलं नाही?’

महत्त्वाच्या कलमांचं मराठी करून चार पानं तयार केली आहेत. गणपतीत गावी जाणार आहे, तेव्हा पन्नास प्रती छापून नेईन. सरपंचांशी बोलणं झालंय. गौरी विसर्जनानंतर देवळात बसायचं ठरलं आहे. गव्यांनी झोपवलेल्या उसाच्या भरपाईचा विषयही त्यांनी त्याच बैठकीत घ्यायला सांगितलाय, आणि तो आधी घ्यायचा आहे.