“नेट नसेल तर गेम घेऊ नये”: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ब्लिझार्ड कंपनीच्या ‘स्टारक्राफ्ट 2’ या रणनीतीच्या कॉम्प्युटर गेममधून लॅन (म्हणजे नेटशिवाय, जवळजवळचे कॉम्प्युटर वायरीने जोडून एकमेकांशी खेळायची सोय) काढून टाकल्याबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. तिथेच चार ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. पण ज्या सुरात आपण लिहिलंय त्याला चार ओळी पुरणार नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की लेख एकतर्फी आहे. गेम आला तेव्हा पहिल्या 48 तासांत 15 लाख प्रती खपल्या, म्हणजे लोकांना काही अडचण नव्हती. लॅन काढलं ते पायरसी रोखायला, आणि तो कंपनीचा हक्क आहे. शिवाय आता तर गेम फुकटच मिळतो. आणि हे सगळं झाल्यावर शेवटचं वाक्य: “मराठवाड्यात नेट नव्हतं हा कंपनीचा गुन्हा नाही, नेट नसेल तर गेम घेऊ नये, प्रत्येक गोष्टीत मागासलेपणाचं रडगाणं कशाला?”

बाकीचं जाऊ द्या, या शेवटच्या वाक्याबद्दल बोलू.

प्रतिक्रियेखाली आपलं नाव नाही. त्याला माझी हरकत नाही. जुलै 2010मध्ये, हा गेम यायच्या तोंडावर, ब्लिझार्डने जाहीर केलं होतं की त्यांच्या चर्चामंचावर लिहिणाऱ्या प्रत्येकाचं खरं नाव दिसेल. खेळाडूंनी इतका विरोध केला की काही दिवसांतच तो बेत गुंडाळावा लागला. तेव्हा मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने होतो आणि आजही आहे. पण स्वतःचं नाव झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याच्या मुलखाला नावं ठेवायची, हे मला पटत नाही. पाण्याबद्दल बोललं की रडगाणं, रेल्वेबद्दल बोललं की रडगाणं, अनुशेष म्हटलं की रडगाणं, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. कॉम्प्युटर गेमच्या विषयातही तेच ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. माझ्या लेखात ‘मागास’ हा शब्द एकदाही आलेला नाही. तो आपण आणलात.

आता मुद्द्याचं. नेट नव्हतं अशी माझी तक्रार नव्हतीच. लेख नीट वाचला असता तर हे दिसलं असतं. माझी तक्रार ही होती की जिथे नेटची गरजच नाही तिथे ते सक्तीचं का केलं?

मी हे ऐकीव माहितीवर बोलत नाही. लातूरला गंजगोलाईपासून जवळच एका माडीवर कॅफे होता, तिथे मी कॉलेजच्या दिवसांत आधी गिऱ्हाईक म्हणून बसायचो आणि नंतर कामालाच लागलो. त्या कॅफेतलं सगळं वायरिंग माझ्या हातचं आहे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी: हा क्रम मला आजही झोपेत विचारा. आठही तारा एका रेषेत कापायच्या, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या, क्रिम्पिंग टूल दाबायचं आणि टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले की मगच ती वायर भिंतीला ठोकायची. एक जरी दिवा लागला नाही तर टोक कापून परत पहिल्यापासून.

आणि तेव्हा भारनियमन होतं. कुठल्या भागात किती ते किती वीज जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, आणि ते पाळलं जाईल याचीही खात्री नसायची. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागायचे, अप्पा खाली धावत जाऊन जनरेटर सुरू करायचे, आणि तेवढ्या वेळात पुढच्या केबिनमधली माणसं उठायला लागायची. कारण कॅफेत वीज असली तरी नेट गेलेलं असायचं. आमच्याकडे जनरेटर होता, पण जिथून नेट यायचं त्या मधल्या बॉक्सला कुणाचा जनरेटर? निकाल बघायला आलेले, फॉर्म भरायला आलेले, सगळे पैसे परत मागायचे. मागच्या रांगेत मात्र ‘ब्रूड वॉर’, म्हणजे पहिल्या स्टारक्राफ्टचा जोडभाग, चालूच असायचं. कोणाचा झर्ग मेला नाही की कोणाचा टेरन अडकला नाही (या त्या खेळातल्या सेना), कारण त्या खेळाला बाहेरच्या जगाशी काही देणंघेणं नव्हतं. एक स्विच, त्याला लावलेल्या वायरी आणि जनरेटरमधलं डिझेल, एवढ्यावर तो चालायचा. “आटपा रे लवकर, डिझेल जळायलंय,” असं अप्पा खालून ओरडायचे आणि आम्ही “आता संपायलंय अप्पा” म्हणत अर्धा तास काढायचो.

म्हणजे बघा, नेट नसलेल्या, नेट वारंवार जाणाऱ्या, नेट मोजून मापून मिळणाऱ्या भागात जो खेळ उत्तम चालत होता, त्याचाच पुढचा भाग 27 जुलै 2010ला आला आणि त्यात एकाच खोलीत, एकाच स्विचला जोडलेल्या दोन कॉम्प्युटरांनाही आधी कंपनीच्या बॅटल.नेट या ऑनलाइन सेवेवर लॉगिन करावं लागत होतं. समोरासमोर बसलेल्या दोघांचा डाव कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवरून फिरून यायचा. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं तर आधी जिल्ह्याच्या गावी जाऊन परवानगी आणायची, असा तो कारभार होता. याला मी चुकीचं म्हणालो. यात रडणं कुठे आलं?

आणि “घेऊ नये” हे सांगणं सोपं आहे. पहिला स्टारक्राफ्ट 1998चा. बारा वर्षं ज्या खेळाच्या पुढच्या भागाची वाट बघितली, तो आल्यावर घेऊ नये? आमच्यातल्या काहींनी पैसे जमवून घेतला. कंपनीने एकट्याने खेळायची मोहीम नेटशिवाय खेळू दिली होती, हे मी मूळ लेखातही लिहिलंय, पण एकदा नेटवर नोंदणी केल्यावरच, आणि अधूनमधून पुन्हा नेटला जोडून खात्री पटवल्यावरच. नेटशिवाय खेळताना मिळवलेली अचीव्हमेंट (खेळातली पदकं) खात्यावर चढत नव्हती. नवा पॅच (गेममधली दुरुस्ती) आला की तो उतरवल्याशिवाय लॉगिन होत नव्हतं, आणि तेव्हाच्या घरगुती ब्रॉडबँडचा महिन्याचा डेटा अशा पॅचांत संपून जायचा. नेट कोणाचं होतं त्याचं नाव मी घेत नाही, पण रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबल तुटणार आणि पुढचे काही दिवस फोन करत बसायचं, हे लातूरकरांना, नांदेडकरांना, परभणीकरांना नव्याने सांगायला नको.

अहो, तुम्ही म्हणता कंपनीचा गुन्हा नाही. गुन्हा मी म्हटलंच नाही. पण विकणाऱ्याने कोणासाठी काय बनवायचं हे ठरवताना कोणाला सोडून द्यायचं हेही ठरवलेलं असतं, आणि ज्याला सोडलं त्याला बोलायचा अधिकार आहे. हे बोलणारे आम्ही एकटे नव्हतो. 2009मध्ये लॅन नसणार हे जाहीर झालं तेव्हा ज्यांच्याकडे घरोघर चांगलं नेट होतं अशा देशांतल्या खेळाडूंनीही हजारोंनी निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या होत्या. त्यांनाही तुम्ही मागास म्हणणार का? प्रत ज्या प्रदेशातली त्याच प्रदेशाच्या सर्व्हरवर खेळता यायचं, त्या प्रदेशांच्या भिंतींचंच घ्या. एकाने अमेरिकेतून प्रत आणली, दुसऱ्याने युरोपातून, तर दोघांनी रीतसर पैसे मोजूनही शेजारी शेजारी बसून एकमेकांशी खेळता येत नव्हतं. ती भिंत 2013मध्ये ‘ग्लोबल प्ले’ आणून काढली. म्हणजे तीन वर्षांनी का होईना, तक्रार बरोबर होती हे कंपनीने स्वतःच्या कृतीने मान्य केलं. मग तीच तक्रार आधी करणारे रडके कसे?

एक गोष्ट मी मोकळेपणाने कबूल करतो. बॅटल.नेटचं मॅचमेकिंग फार चांगलं होतं. ब्राँझपासून डायमंडपर्यंतच्या लीग, आपल्या तोडीचा खेळाडू समोर यायची सोय, यामुळे पुण्या-हैदराबादच्या हॉस्टेलांवर राहणारे आमचेच मित्र खूश होते. “ये इकडं, इथं नेट पळतंय,” असं ते फोनवर सांगायचे. त्यांचा आनंद खोटा नव्हता आणि लेखात मी तो लपवलेला नाही. पण एक सोय चांगली होती म्हणून दुसरी काढून घ्यायचं कारण काय? लॅडर (क्रमवारीचे सामने) नेटवर ठेवा, लॅन खोलीत ठेवा. पहिल्या स्टारक्राफ्टमध्ये दोन्ही एकाच मेनूत होतं.

15 लाख प्रतींबद्दल एवढंच म्हणेन की विकत घेणं म्हणजे प्रत्येक अट मान्य असणं नव्हे. त्याच काळात ‘सेटलर्स 7’ आणि ‘कमांड अँड कॉन्कर 4’ या दोन रणनीतीच्या खेळांना एकट्याने खेळतानाही सतत नेट लागायचं. मार्च 2010मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला तेव्हा ज्यांचं नेट अगदी धडधाकट होतं अशा विकत घेणाऱ्यांनाही खेळता आलं नाही. 2013च्या ‘सिमसिटी’चं तर सर्वांना माहीत आहे: सुरुवातीचे दिवस सर्व्हरच कोलमडलेले, आणि वर्षभराने शेवटी ऑफलाइन खेळायची सोय द्यावी लागली. अडचण फक्त मराठवाड्याची असती तर हे घडलं नसतं.

पायरसीचा मुद्दा तुम्ही ज्या ठसक्यात मांडलात त्यावर मी फार बोलणार नाही. फक्त एक माहिती देतो. पहिल्या स्टारक्राफ्टच्या एका सीडीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरांवर फक्त नेटवर्कवर खेळण्यापुरती ‘स्पॉन’ प्रत टाकायची सोय खुद्द कंपनीनेच दिली होती. एकाने विकत घ्यावा, मित्रांनी सोबत खेळून बघावा, आवडला तर त्यांनीही घ्यावा. ज्या कंपनीने 1998मध्ये खेळाडूंवर एवढा विश्वास टाकला तिनेच 2010मध्ये तो काढून घेतला, याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी वाटेल तितक्या वेळा लिहीन. कॅफेत बसणाऱ्या सगळ्यांना तुम्ही चोर ठरवून मोकळे झालात. त्यातल्या कित्येकांनी पुढे पगार सुरू झाल्यावर तोच खेळ पैसे देऊन घेतला, मी स्वतः घेतला. कोणाला ओळखत नसताना असं सरसकट बोलू नये, एवढी अपेक्षा मी करतो.

स्पर्धांसाठी सर्व्हर हवाच, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. उलट स्पर्धांनाच लॅनची सगळ्यात जास्त गरज होती. मंचावर दोन खेळाडू एकमेकांपासून काही हातांच्या अंतरावर बसलेले आणि मध्येच जोडणी तुटून सामना वाया गेला, हे मोठ्या स्पर्धांत झालेलं आहे. म्हणून तर मार्च 2013च्या ‘हार्ट ऑफ द स्वार्म’ या जोडभागामध्ये रिप्लेमधून (सामन्याच्या साठवलेल्या नोंदीतून) सामना तिथूनच पुढे सुरू करायची सोय आणावी लागली. लॅन दिलं असतं तर तुटायचे प्रसंगच कितीतरी कमी झाले असते.

राहिलं फुकटचं. नोव्हेंबर 2017मध्ये पहिली मोहीम आणि ऑनलाइन खेळ फुकट झाला, बरोबर. मी तेव्हा धाकट्या भावाला उतरवून दिला, त्याला आवडला. तोपर्यंत आमच्याकडेही मोबाइलचं नेट पोचलं होतं. पण लॅन फुकटातही मिळालं नाही. आजही कॅफेतल्या त्या मागच्या रांगेसारखं नेटची वायर काढून बसलात तर दोघांना एकमेकांशी खेळता येत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आहे तशी राहील. पुन्हा लिहाल तर मराठवाडा बाजूला ठेवा, माझा स्वभाव बाजूला ठेवा, आणि एवढंच सांगा: एकाच स्विचला जोडलेल्या, पैसे देऊन घेतलेल्या दोन प्रतींना एकमेकांशी बोलायला बाहेरचं नेट का लागावं? याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मी दोनदा शोधलं, मला सापडलं नाही.