गोडाऊनचा कोपरा खचला, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

जमीन तपासणीच्या आमच्या रिपोर्टात पाया 18 मिलिमीटर बसेल असं लिहिलं होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात गोडाऊनचा एक कोपरा तीन इंच बसला, म्हणून आमचा रिपोर्ट रद्दी, असं आपण लिहिलंय. नव्या भिंतीत तिरपी भेग बघणं किती जिवाला लागतं, ते मला कळतं.

18 हा आकडा कोरड्या जमिनीचा होता. तुमच्या प्लॉटवर जुना नाला बुजवून टाकलेला साडेतीन मीटर मुरूम-मातीचा भराव आहे, तोही पाणी न मारता, रोलर न फिरवता टाकलेला. असा भराव कोरडा असताना दगडासारखा लागतो, कारण आतल्या पोकळ्या सुकलेल्या चिकणमातीने धरून ठेवलेल्या असतात. ओल शिरली की ती पकड सुटते आणि वजन तेवढंच असूनही जमीन बसते. राजस्थानात वाऱ्याने साठलेल्या वाळूतही हेच होतं. अशा जमिनीला कोलॅप्सिबल सॉईल म्हणतात.

मुरमाचा नमुना लॅबपर्यंत येईस्तोवर चुरा होतो, म्हणून आम्ही जागेवरच प्लेट लोड टेस्ट घेतली, म्हणजे खड्ड्यात लोखंडी प्लेट ठेवून वजन दिलं आणि ती किती बसते ते मोजलं. तुमचे सुपरवायझर तिथे उभे होते. चौरस मीटरला 10 टनावर प्लेट 4 मिलिमीटर बसली. मग खड्ड्यात पाणी सोडलं. वजन एक किलोनेही वाढवलं नाही, तरी प्लेट किती बसली ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा फिरतच राहिला आणि तासाभरात 23 वर गेला. त्यावरून पायाखालचा अडीच मीटर भराव पूर्ण भिजला तर 50 ते 80 मिलिमीटर, म्हणजे दोन ते तीन इंच बसेल, असं आम्ही लिहून दिलं.

पण लिहिलं ते पान 11 वर. पहिल्या पानावरच्या तक्त्यात फक्त 18. साइटवर तक्ताच बघितला जातो, हे मला इतक्या वर्षांत माहीत असायला हवं होतं. ही चूक आमची, आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो. आता कोरडा आणि भिजलेला, दोन्ही आकडे पहिल्या पानावर शेजारीशेजारी असतात.

तुमच्या फोटोत पन्हळीचा पाईप नेमका त्याच कोपऱ्यात जमिनीवर सोडलेला दिसतो. बाकीचे तीन कोपरे जागेवर आहेत. ते पाणी आजच गटारात वळवा. भेगा एवढ्यात सिमेंटने भरू नका. ओल किती खोल गेली ते आम्ही ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने बघू, कॉलमवर लेव्हलच्या खुणा करू आणि दर पंधरा दिवसांनी रीडिंग घेऊ. याचे पैसे लागणार नाहीत. रीडिंग बदलायची थांबली की दुरुस्तीचं ठरवू.