‘साभार’ लिहून हात झटकता येत नाहीत

जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आला, की नांदेडपासून धाराशिवपर्यंत महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. सारांश असा: ‘आपल्या गावाचा लेख विकिपीडियावर टाका. सरकारी संकेतस्थळांवरचा मजकूर आणि गुगलवरचे फोटो सगळ्यांचेच असतात. पुस्तकातून घेतलं तर थोडे शब्द बदला आणि खाली साभार लिहा, कॉपीराइट लागत नाही. स्रोत मिळत नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाचं नाव द्या. आता टाका, नंतर सुधारू.’

पहिलं वाक्य उत्तम. पुढचं ऐकलं, तर पोराचा पहिलाच लेख उडतो आणि बहुतेक वेळा तो पुन्हा फिरकत नाही.

या सल्ल्यात स्रोत आणि परवाना यांची सरमिसळ आहे. स्रोत द्यायचा तो वाचकाला माहिती तपासता यावी म्हणून. परवाना लागतो तो दुसऱ्याचे शब्द किंवा फोटो वापरण्यासाठी. विहीर कुणाची हे सांगितलं म्हणून तिच्यात मोटार सोडायची मुभा मिळत नाही.

‘साभार लिहिलं की झालं.’ लेख जतन करताना तुम्ही मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली देत असता. म्हणजे श्रेय देऊन, त्याच अटींवर, कुणीही तो वापरावा, बदलावा, छापून विकावासुद्धा. जे आपलं नाही ते असं वाटणार कसं? ‘शैक्षणिक काम आहे’ हा बचावही इथे टिकत नाही. कायद्यातली ती सवलत शिकवण्याच्या ओघातल्या वापरासाठी आहे, जगाला विक्रीचा हक्क देण्यासाठी नाही. पुस्तकावर कॉपीराइटची खूण किंवा नोंदणी नसली तरी हक्क असतोच. आणि इंग्रजी पुस्तकाचं स्वतः भाषांतर केलं तरी सुटका नाही, कारण भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाकडेच असतो.

‘थोडे शब्द बदला.’ कुणी तीस टक्के म्हणतं, कुणी दर चौथा शब्द. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात अशी टक्केवारीच नाही. समजा, एका स्मरणिकेत वाक्य आहे: ‘गोदामाईच्या कुशीत विसावलेल्या पैठणनगरीत १९६५ साली शास्त्रीजींच्या हस्ते नाथसागराची मुहूर्तमेढ रोवली गेली.’ (नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय.) ‘कुशीत’च्या जागी ‘काठावर’ केलं तरी वाक्याचा सांगाडा तोच राहतो. त्यातली माहिती तेवढी वेचा: धरण, दिनांक, व्यक्ती. दुसऱ्या स्रोताशी ताडून पाहा, दोन्ही पुस्तकं मिटा आणि टिपणावरून लिहा: ‘जायकवाडी धरणाचे भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केले. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.’ घटनेवर कुणाची मालकी नसते, ती सांगण्याच्या शब्दांवर असते. (शिवाय कुशी, पावनभूमी, पदस्पर्श हे ज्ञानकोशाला तसंही पचत नाही.)

‘सरकारी म्हणजे सगळ्यांचं.’ नवख्यांचा घात सर्वांत जास्त इथेच होतो. शासकीय प्रकाशनावर शासनाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. राजपत्र, न्यायनिवाडे, विधिमंडळात मांडलेले अहवाल अशा मोजक्या गोष्टींना सूट आहे. जिल्ह्याच्या संकेतस्थळाला नाही. तिथलं कॉपीराइट धोरण उघडून वाचा. ‘परवानगी घेऊन, जसाच्या तसा अचूक वापरावा’ अशी अट सहसा असते, आणि बदलायची मोकळीक नसलेला मजकूर विकिपीडियाला चालत नाही.

गॅझेटियरच्या, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाच्या, बाबतीत मराठवाड्यापुरती एक वेगळी खाच आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या विकिपीडिया-संपादकाला मुंबई इलाख्याची एकोणिसाव्या शतकातली मुक्त, म्हणजे कॉपीराइट संपलेली, गॅझेटियर मिळतात. त्यांत आपले जिल्हे नाहीत, कारण आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. आपल्या वाट्याला १८८४चं औरंगाबादचं इंग्रजी गॅझेटियर आणि १९०९चा इम्पीरियल गॅझेटियरचा हैदराबाद खंड येतो. हे दोन्ही मुक्त आहेत. त्यानंतरची महाराष्ट्र शासनाची: परभणी १९६७, बीड १९६९, नांदेड १९७१, उस्मानाबाद १९७२, औरंगाबाद १९७७. म्हणजे परभणीचं भारतात १ जानेवारी २०२८ला मुक्त होईल, औरंगाबादचं २०३८ला. तोवर माहिती घ्या, पानक्रमांक द्या, वाक्यं मात्र तिथेच राहू द्या. हिंगोलीचं गाव परभणीच्या खंडात शोधा आणि लातूरचं उस्मानाबादच्या, कारण हे जिल्हे अनुक्रमे १९९९ आणि १९८२ मध्ये वेगळे झाले. लेखात धाराशिव लिहिलं तरी संदर्भात पुस्तकाचं नाव छापलंय तसंच ठेवा, नाहीतर ते ग्रंथालयात कुणाला सापडणार नाही.

लेखकाच्या पुस्तकाची मोजणी निराळी, त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९७२ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०३२ अखेरपर्यंत संरक्षित आहे.

लोकसंख्येचा आकडा बिनधास्त घ्या, आकड्याला कॉपीराइट नसतो. फक्त २०११च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी कोड सोबत लिहा. पिंपळगाव आणि वडगाव दर तालुक्यात सापडतात, आणि एकाची माणसं दुसऱ्याच्या खात्यावर चढतात.

‘गुगलवरचे फोटो.’ गुगल फोटो दाखवतं, देत नाही. कैलास लेणं आठव्या शतकातलं, त्याला कॉपीराइट नाही, पण त्याच्या फोटोला आहे आणि तो छायाचित्रकाराचा. फोटोतल्या माणसाने ‘टाका’ म्हटल्याने काही होत नाही. अपवाद एक: पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. चौकातल्या पुतळ्याचा फोटो तुम्ही काढलात तर कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या भांडारात, चालतो. भिंतीवरच्या ताज्या चित्राचा किंवा फलकाचा चालत नाही. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असं लिहिलेला फोटोही नाही. स्वतःचा फोटो असला तरी व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत चढवू नका. तिचा आकार घटलेला असतो, कॅमेऱ्याची नोंद गळालेली असते आणि तपासणारा साहजिकच शंका घेतो. फोनमधली मूळ फाइल चढवा.

‘जाणत्या माणसाचं नाव द्या.’ मुक्तिसंग्राम पाहिलेल्या आजोबांची आठवण मोलाची आहे, पण लेख वाचणाऱ्याने ती तपासायची कशी? ती जिल्हा दैनिकात किंवा पुस्तकात छापून येऊ द्या, मग तिचा संदर्भ द्या. पुस्तकासाठी लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. बातमीसाठी दैनिक, आवृत्ती, दिनांक, पान. ई-पेपरचे दुवे फार काळ टिकत नाहीत, म्हणून दुव्यापेक्षा हे तपशील महत्त्वाचे. दुवा बंधनकारकही नाही. ब्लॉगचा आधार घेण्याआधी विकिपीडियावरच्या लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे जुन्या आवृत्त्यांची यादी, उघडा. तेच वाक्य ब्लॉगच्या तारखेआधीच लेखात आलेलं असेल, तर ब्लॉगनेच ते इथून उचललेलं असायची शक्यता मोठी.

‘आता टाका, नंतर सुधारू.’ धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावरसुद्धा नको. मजकूर पुढे बदलला तरी जुनी आवृत्ती इतिहासात राहते आणि ती प्रचालकालाच, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यालाच, लपवावी लागते. आधीच चिकटवलं असेल तर लेखाच्या चर्चापानावर किंवा चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, सरळ लिहा: कोणता परिच्छेद, कुठून घेतला, कोणत्या तारखेच्या संपादनात. मग तो भाग काढा आणि कोऱ्या पानावरून पुन्हा लिहा, जुना समोर ठेवून नव्हे.